प्रेंदा मिन्या: क्लबांनी आणि स्पर्धांनी जगवलेलं गाणं लोकगीत म्हणायचं का?

जांभूळवाडी

ब्राझील म्हटलं की आपल्याकडे सांबा, रिओचा कार्निव्हल आणि फुटबॉल. मी नोकरीनिमित्त राहतो त्या टोकाला पहिल्या दोघांचं फारसं काही चालत नाही. रिओ ग्रांदे दो सुल हे देशाचं सगळ्यात दक्षिणेकडचं राज्य, उरुग्वे-अर्जेंटिनाला चिकटलेलं. हिवाळ्यात पहाटे गवतावर हिम पडतं, मिनुआनो नावाचा वारा कानाची पाळी बधिर करतो, आणि माणसं दिवसभर तुंब्यातून 'माते' नावाच्या पाल्याचा कडू चहा नळीने ओढत असतात. इथले लोक स्वतःला गाउशो म्हणवतात. मूळ अर्थ पाम्पाच्या कुरणांवरचा घोडेस्वार गुराखी; आता बँकेतला कारकूनही गाउशोच.

इथलं सगळ्यांच्या ओठांवरचं जुनं गाणं म्हणजे 'प्रेंदा मिन्या'. कर्ता अज्ञात. प्रेंदा म्हणजे प्रिय मुलगी असं समजून चाला. आशय साधारण असा: निघालो गं, निघालो, कामं खोळंबलीत, गुरं गोळा करायची आहेत मायेच्या माळावर. पुढच्या कडव्यात काळोखी रात्र येते, ती याला रात्रभर छळते आणि पहाटे सोडून जाते. आणखी एका कडव्यात वठलेल्या खोडांना फळं धरतात, कारण प्रेम जन्मलं त्या दिवशी सृष्टीच हसली. एकाआड एक ओळीच्या शेपटाला 'प्रेंदा मिन्या' येतंच.

आता माझी अडचण. हे गाणं मी एकाही गुराख्याच्या तोंडून ऐकलेलं नाही. ऐकलं ते सीटीजीत, म्हणजे परंपरा केंद्रात. अशी केंद्रं राज्यभर गावोगाव आहेत, राज्याबाहेरही आहेत. अध्यक्षाला तिथे 'पात्राँव' म्हणजे मालक म्हणतात आणि नाचाच्या चमूला 'इंव्हेर्नादा', म्हणजे गुरं चारून पुष्ट करायचं कुरण! मुलींचे झगे घोट्यापर्यंत, मुलांच्या ढगळ विजारी बुटांत खोचलेल्या, समोर परीक्षक कागद घेऊन बसलेले. पाय किती अंशात वळला यावर गुण.

असं सांभाळलेलं गाणं लोकगीत राहतं का?

टिवल्याबावल्या

पहिला! गाण्याची लिंक नाही, पाककृती नाही, तरी धागा आवडला.

सुलभा_मो

छान विषय. इतकं विचारावंसं वाटतं की लोकगीत 'राहतं' की नाही हे ठरवणार कोण? आमच्या सोसायटीत मंगळागौरीचे गट आहेत, एकसारख्या नऊवारी, सुपारी घेऊन खेळतात, चषक जिंकतात. नाकं मुरडणारे पुष्कळ. पण त्या गटातल्या मुलींना फुगड्यांचे जेवढे प्रकार येतात त्याच्या निम्मेही माझ्या आईला येत नव्हते.

अस्वल_८१

सुलभाताई, तिथे निदान आजीच्या आठवणीतून आलेलं काहीतरी आहे. गाउशो प्रकरण बरंचसं बसवलेलं आहे. १९४७ साली पोर्तो अलेग्रेतल्या जुलिओ दे कास्तिल्योस या सरकारी शाळेतल्या मुलांनी सुरुवात केली. म्होरक्या पायशाँव कोर्तिस, वय वर्षं वीस. सप्टेंबरात स्वातंत्र्यदिनाच्या ज्योतीवरून एक मशाल पेटवून घेतली, तिला 'क्रिओला ज्योत' नाव दिलं. २४ एप्रिल १९४८ ला पहिलं केंद्र स्थापलं, त्याचं नाव '३५ सीटीजी', ब्राझीलच्या साम्राज्याविरुद्ध १८३५ मध्ये इथे झालेल्या फारोपिल्या बंडावरून. मुलींचा तो 'पारंपरिक' झगासुद्धा चळवळीनेच नंतर ठरवला, कारण सुरुवातीला केंद्रात मुलीच नव्हत्या! ताऊ गोलिन या इतिहासकाराने १९८३ सालीच या सगळ्या गाउशो विचारसरणीची चिरफाड करणारं पुस्तक लिहिलंय.

गाणं सुंदर आहे, वाद नाही. भोवतीचा मंडप मात्र शहरी पोरांनी उभारलेला आहे.

जांभूळवाडी

@अस्वल, तपशील बरोबर, पण कारण सांगायचं राहिलं. १९३७ मध्ये झेतुलिओ वार्गासने हुकूमशाही आणली तेव्हा रिओत जाहीर समारंभ करून सगळ्या राज्यांचे झेंडे जाळले. यापुढे एकच राष्ट्र, एकच ध्वज. गंमत म्हणजे वार्गास स्वतः याच राज्यातला, साँव बोर्जाचा. हुकूमशाही १९४५ पर्यंत टिकली. तोवर शाळेतल्या एका अख्ख्या पिढीने आपल्या राज्याचं निशाण फडकताना पाहिलेलं नाही, आणि युद्धानंतर थिएटरात अमेरिकन काउबॉय. घोडा, लगाम, फास सगळं घरचं असताना पोरं टेक्सासच्या गुराख्याची नक्कल करतात, याचा राग होता तो.

आणि नाचगाण्याची गोष्ट त्याहून मजेशीर. १९४९ मध्ये ही मंडळी उरुग्वेत माँतेविदेओला एका परंपरा-उत्सवाला गेली. यजमानांनी आपले नाच दाखवले. पाहुण्यांकडे दाखवायला धड काही नव्हतं. परत आल्यावर पायशाँव कोर्तिस आणि त्याचा मित्र बार्बोझा लेस्सा राज्यभर हिंडले, खेड्यातल्या म्हाताऱ्यांकडून पावलं, चाली, कडवी गोळा केली. १९५६ साली त्यांची गाउशो नाचांची पुस्तिका आली आणि सगळी केंद्रं त्यावरून नाच शिकायला लागली.

म्हणजे मंडप शहरी, कबूल. पण सामान खेड्यातून आलेलं आहे.

खुंटी

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

वासरू

अवांतर: ब्राझीलमधली गुरं आपल्याकडून गेली ना? गीर, कांकरेज, ओंगोल. मग त्या गाण्यातला गुराखी आपलीच जनावरं हाकत होता म्हणायचं. घ्या, भारताने ब्राझीलला लोकगीत दिलं. 😀

गोठेवाला_सातारा

वासरूशेठ, तुमच्या नावावर गेलो तर तुम्हाला जास्त माहिती असायला हवी. आपली वशिंडवाली गुरं गेली ती मुख्यतः मिनास जेराइसमधल्या उबेराबा भागात, आणि तिथून उष्ण प्रदेशात पसरली. आज ब्राझीलमध्ये सगळ्यात जास्त दिसणारी नेलोर म्हणजे आपली ओंगोल. पण धागा ज्या राज्याचा आहे तिथे थंडी. तिथे हेरफर्ड, अँगस असली युरोपीय जनावरं चालतात. शिवाय गाणं या आयातीच्या आधीच्या जगातलं आहे, स्पॅनिश-पोर्तुगीजांच्या काळापासून मोकाट वाढलेल्या गुरांच्या.

गाण्यातलं काम मला फार ओळखीचं वाटलं. मोकळ्या माळावर कुंपण नाही, गुरं पांगलेली. ठरावीक दिवशी ती एका ठरलेल्या जागी आणून थांबवायची, मोजायची, आजारी बाजूला काढायची, मीठ चाटवायचं. याला तिकडे रोदेओ म्हणतात. हे काम चुकवून चालत नाही, म्हणून तो 'निघालो, निघालो' म्हणतोय. प्रेमबीम ठीक आहे, पण मोजदाद राहिली तर मालक दारात उभा करणार नाही.

वासरू

गोठेवाले, दंडवत. मी आपला गव्हाणीशी जातो.

मडगांवचो

मी गोव्याचा, म्हणून राहवेना. पोर्तुगीज जिथे जिथे गेले तिथे निरोपाची गाणी पेरत गेले की काय असा मला संशय आहे. आमच्याकडे प्रत्येक पार्टीच्या शेवटी 'आदेउस कोरचो वेळ पावलो' म्हटल्याशिवाय कोणी उठत नाही. निरोप घ्यायची वेळ झाली, आणि काळीज भ्यायलंय. सालसेतच्या तोर्क्वात द फिगेरेदोने रचलेला मांडो आहे तो. कर्ता ठाऊक, तरी गावात विचाराल तर दहातले आठ जण 'आमचं लोकगीत' म्हणतील.

फरक इतकाच की मांडो दिवाणखान्यातला, व्हायोलिन आणि घुमटावर, भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या घरातला. प्रेंदा मिन्या उघड्या माळावरचं. आणि हो, मांडोच्याही स्पर्धा होतात, परीक्षक असतात, आणि निकालावर भांडणं होतात. जांभूळवाडी, 'वोऊ मे एंबोरा' अशीच सुरुवात आहे ना? हे शब्द पोर्तुगीज लोकगीतांत सगळीकडे सापडतात.

जांभूळवाडी

@मडगांवचो, हो, तीच सुरुवात. आणि तुम्ही नेमकी दोरी पकडलीत. मधले 'प्रेंदा मिन्या' काढून टाकलेत तर उरतात सात-सात अक्षरांच्या चार ओळी, दुसरी आणि चौथी यमकाची. पोर्तुगालपासून ब्राझीलच्या पार उत्तरेपर्यंत हाच साचा. त्यामुळे कडवी सुटी असतात. कुणी काळोख्या रात्रीचं कडवं आधी घेतो, कुणी वठलेल्या खोडांचं गातच नाही, कुणी शेजारच्या गाण्यातलं उचलून इथे डकवतो. पहिल्या कडव्यात तो जातोय आणि दुसऱ्यात तीच सोडून गेली, ही विसंगती त्यामुळेच. गाण्याला कथानक नाही.

अस्वल_८१

मग माझा मुद्दा अजून पक्का झाला. कडवी सुटी, पाठ बदलता, आणि चळवळीने काय केलं तर एक पाठ छापून त्यावर गुण द्यायला सुरुवात केली. वाहतं पाणी बाटलीत भरलं.

आणखी एक सांगतो, हे जरा कडू आहे. या पोरांची पहिली जाहीर मिरवणूक सप्टेंबर १९४७ चीच. आठ जण घोड्यावर, गाउशो वेषात, जनरल दाव्हिद कानाबारोच्या अस्थी पोर्तो अलेग्रेत आल्या त्यांना मानवंदना द्यायला. कानाबारो म्हणजे फारोपिल्या बंडाचा सेनापती. या बंडात स्वातंत्र्याच्या आश्वासनावर काळे गुलाम भालाईत म्हणून लढले. १४ नोव्हेंबर १८४४ च्या पहाटे पोरोंगोसला त्यांच्या तळावर हल्ला झाला आणि त्यांची कत्तल झाली. तह जवळ आला होता, मुक्त केलेल्या गुलामांचं करायचं काय हा साम्राज्यापुढे प्रश्न होता, आणि कानाबारोने शत्रूशी संधान बांधून त्यांना निःशस्त्र ठेवलं असा आरोप त्याच्यावर आहे. इतिहासकार अजून भांडतायत. पण 'आपली परंपरा' म्हणून कुणाला खांद्यावर घ्यायचं हे ठरवताना हा माणूस पहिला निघाला.

सुलभा_मो

हे माहीत नव्हतं. वाचून गप्पच झाले.

अस्वल, मुद्दा मोठा आहे, पण गाण्याने काय घोडं मारलंय? गाण्यात ना कानाबारो, ना बंड. काम, काळोख आणि एक मुलगी.

अस्वल_८१

गाण्याने नाही मारलं. ज्या मंचावरून ते गायलं जातं तो मंच विचारात घ्या एवढंच. कुरणावरच्या गड्यांमध्ये गुलाम होते, गुआरानी आदिवासी होते, मेस्तीसो म्हणजे मिश्र वंशाचे होते. स्पर्धेच्या मंचावर ते शोधावे लागतात.

जाझनाका

उशिरा आलो. या गाण्याशी माझी ओळख सर्वस्वी भलत्या रस्त्याने झाली. माइल्स डेव्हिस आणि गिल इव्हान्स या जाझवाल्यांची 'क्वाएट नाइट्स' नावाची तबकडी आहे, १९६२-६३ मध्ये मुद्रित केलेली. बोसा नोव्हा या ब्राझिलियन संगीताची लाट आली म्हणून कंपनीच्या आग्रहाने काढलेली. अर्ध्या तासाचीही नाही. निर्मात्याने ती परस्पर बाजारात आणली म्हणून माइल्स त्याच्यावर जाम भडकला होता. त्यात 'साँग नंबर टू' म्हणून जेमतेम दीड मिनिटाचा तुकडा आहे. कित्येक वर्षं मला वाटे, काय देखणी चाल रचलीय! श्रेयात नावं डेव्हिस आणि इव्हान्स. नंतर एका ब्राझिलियन सहकाऱ्याने ऐकलं आणि तो सरळ गायलाच लागला: वोऊ मे एंबोरा, वोऊ मे एंबोरा, प्रेंदा मिन्या.

प्रेंदाचं नाव गेलं, नंबर लागला.

टिवल्याबावल्या

तिला कैद्यासारखा नंबर दिला म्हणजे. कैच्याकै.

जाझनाका

आणि गोष्ट इथे संपत नाही. १९९८ मध्ये काएतानो वेलोझोने मैफलीची तबकडी काढली तिचं नावच 'प्रेंदा मिन्या'. हा माणूस बाहियाचा, म्हणजे ईशान्येकडच्या ऊन-नारळाच्या प्रदेशातला. त्याला गाउशोच्या थंडीशी काय देणंघेणं? पण घेतलं. तबकडी दहा लाखांवर खपली. अर्थात खपली ती मुख्यतः 'सोझिन्यो' या दुसऱ्याच गाण्यामुळे, जे पेनिन्याचं आहे. गाउशो माणसाला विचारलं तर तो म्हणेल, नाव आमचं, गल्ला त्याचा.

माझ्या मते पुनरुज्जीवन ते हे. घाघरे मोजणारे परीक्षक नाहीत.

खुंटी

जाझनाका, म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या गायकाने घेतलं तर पुनरुज्जीवन आणि तालुक्याच्या पोरांनी नाचात घेतलं तर बाटलीतलं पाणी? कुठली मोजपट्टी ही?

सुलभा_मो

+१ खुंटी.

जाझनाका

तसं नाही म्हणालो. पण ठीक, टोला बसला.

नदीकाठ

एक मुद्दा कुणी मांडला नाही. चळवळीच्या विरोधातूनही चांगलं निघालं. १९७१ साली उरुग्वायाना या सीमेवरच्या गावात 'कालिफोर्निया दा कान्साँव नातिव्हा' हा महोत्सव सुरू झाला. तिथे जुनी गाणी गायची नाहीत, नवी रचायची. बक्षीस 'सोन्याची काल्यांद्रा', काल्यांद्रा म्हणजे तिथला एक गाणारा पक्षी. त्यातून नातिव्हिस्तांची फळी तयार झाली आणि परंपरावाल्यांशी त्यांचं कायम वाजत राहिलं: ही वाद्यं चालतील का, हा पोशाख चालेल का. पेलोतासचा विटोर रामिल तर त्याच्याही पुढे गेला. 'थंडीचं सौंदर्यशास्त्र' अशी कल्पना त्याने मांडली: उत्तरेच्या सूर्याची, कार्निव्हलची नक्कल कशाला, आपल्याकडे मिलोंगा हा गीतप्रकार आहे, धुकं आहे, संथपणा आहे. १९९७ ची त्याची 'रामिलोंगा' ऐका, रात्री ऐका.

जुनं गाणं जिवंत आहे हे मी त्यावरून ओळखतो की त्याच्या शेजारी नवी गाणी उभी राहतात.

अण्णा_कोप

मी वाद्यांवर घसरणार. तिकडे अकॉर्डियनला 'गाइता' म्हणतात आणि ते नसेल तर गाणं गाउशो वाटत नाही. पण हे वाद्य तिथे एकोणिसाव्या शतकातच पोचलं, आणि वसाहतीला आलेल्या युरोपियनांनी ते घरोघर नेलं. जर्मन १८२४ पासून साँव लेओपोल्दोला, इटालियन १८७५ पासून डोंगराळ भागात. त्याआधी साथीला तारेची व्हियोला असायची. अकॉर्डियनने तिला पार मागे सारलं. म्हणजे आज ज्याला 'अस्सल' म्हणतात तो आवाज कुणाच्या तरी आजोबांना नवा धिंगाणा वाटला असणार. आपल्याकडे पेटीचं काय झालं ते आठवा. हेमाशेपो, म्हणजे हे माझं शेवटचं पोस्ट. (मी नेहमी म्हणतो आणि परत येतो.)

जांभूळवाडी

अण्णा, मी राहतो ते काशियास दो सुल इटालियनांचंच. घरमालकीणबाई घरात अजून वेनेतोकडची बोली बोलतात, नातू सीटीजीत नाचतो. गाउशो गुराख्याशी या घराण्याचा रक्ताचा काडीचा संबंध नाही, पणजोबा द्राक्षं लावायला आले होते. तरी पोराला लगामाचे भाग नावानिशी सांगता येतात.

त्याची तालीम पाहायला गेलो होतो. जुनं लाकडी सभागृह, तक्तपोशीची जमीन, आणि वीसेक पोरांच्या बुटाच्या टाचा एकदम पडल्या की खिडक्यांची तावदानं थरथरतात. मधल्या सुट्टीत मातेचा तुंबा फिरला. त्याचे नियम असे: पहिला तुंबा भरणाऱ्यानेच प्यायचा, कारण तो सगळ्यात कडू. नळी हलवायची नाही, ढवळायची तर मुळीच नाही. खळखळ आवाज येईपर्यंत ओढून तुंबा रिकामा करायचा आणि भरणाऱ्याच्या हातात द्यायचा. 'आभार' म्हणालात की त्याचा अर्थ आता मला नको. मला पहिल्याच फेरीत आभार मानायची हुक्की आली, मग तुंबा माझ्यावरून पुढे जात राहिला. पोरं हसत होती.

आणि त्या सुट्टीत, परीक्षक नाहीत, वेष नाही, एक मुलगी जीन्स-टीशर्टवर गाइतावाल्याच्या शेजारी बसली आणि 'प्रेंदा मिन्या' गायला लागली. कडव्यांत तिने एक नवंच घातलं. तिला परीक्षेला वेळेवर पोचायचं आहे, रोदेओऐवजी. सगळे ओरडून साथ देत होते. शिक्षकाने फक्त 'स्पर्धेत नको हं' म्हटलं.

अस्वल_८१

हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये का नाही लिहिलंत? मी एवढं टंकलं नसतं.

जांभूळवाडी

तालीम धागा काढल्यानंतरची आहे.

सुलभा_मो

शिक्षकाचं ते 'स्पर्धेत नको हं' मला फार आवडलं. त्याला दोन्ही माहीत आहे.

अस्वल_८१

माझा विरोध त्या 'नको हं'लाच आहे. तिचं कडवं स्पर्धेत का नको? तेच तर जुन्या गायकांनी केलं. बाकी माघार नाही, पण या पोरीला माझे पूर्ण गुण.

गोठेवाला_सातारा

तिकडच्या रोदेओचं एक राहिलं. आता रोदेओ म्हणजे जत्रा. वाकारियाचा रोदेओ १९५८ पासून भरतो, घोड्यावरून फास टाकायच्या स्पर्धा, तंबू, मांस भाजणं. खरी मोजदाद आता कुंपणाच्या आत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाम्पाला तारेची कुंपणं पडली आणि बऱ्याच गड्यांची गरजच संपली, ते शहराकडे गेले. त्यामुळे गाणाऱ्याचं 'निघालो, कामं पडलीत' हे पुढच्या पिढ्यांना वेगळं ऐकू येत असणार. काम होतं तेव्हाचं गाणं.

नदीकाठ

वा गोठेवाले! वाखूसा, म्हणजे वाचनखूण साठवली.

केतकी_टोरांटो

मूक वाचक होते, आज टंकते. मुलगी अकॉर्डियन शिकते, तिला हे बसवायचं आहे. आधी काय ऐकवू?

जांभूळवाडी

आधी काएतानो, शब्द स्वच्छ कळतात. मग माइल्सचा तो तुकडा, चाल शब्दांशिवाय कशी उभी राहते ते कळेल. मग सीटीजीच्या पोरांचे नाच, ढीगभर चित्रफिती आहेत. कडवं स्वतः जोडलंत तर इथे टाका, परीक्षक नाहीत.

अण्णा_कोप

परत आलो. पट्टी मुलीच्या गळ्याप्रमाणे धरा, तबकडीप्रमाणे नको. डावा हात साधा ठेवा, भाता संथ.

टिवल्याबावल्या

शंभरी गाठायची तर कुणीतरी पाककृती टाका राव.

जांभूळवाडी

त्याऐवजी 'बोई बारोझो'वर नवा धागा काढतो. तेही तिथलंच जुनं गाणं, त्यात एक पळालेला बैल आहे आणि त्याला धरायला मगरीच्या कातड्याचा फास करून घेतलाय.

वासरू

बैल? मी तिथे पहिला. फास दूर ठेवा फक्त.